पेजवरचा ग्रंथकीडा

ग्रंथालयाच्या नव्या पेजला तीन आठवड्यांत अकरा लाइक मिळाले. त्यांतले सात ग्रंथपालबाईंच्या माहेरचे होते. पेज चाललं तर बाईंना सहा वर्षं रखडलेली कायम नोकरी देऊ, असं अध्यक्ष म्हणाले होते. मग बाईंनी गुपचूप ‘ग्रंथकीडा’ नावाचं खातं उघडलं. “शेवटचं पान फाटलंय, खुनी कोण?” असल्या प्रश्नांना त्या घरी भाजी चिरता चिरता त्या खात्यावरून पेजवर खुसखुशीत उत्तरं देऊ लागल्या. महिन्याभरात पेजवर झुंबड उडाली.

अध्यक्ष स्वतः काउंटरवर आले. “बाई, कायम जागेचं ठरलं एकदाचं!”

बाईंनी श्वास रोखला.



“त्या ग्रंथकीड्याला घेतोय. त्याचा पत्ता तेवढा शोधून द्या.”