वरचे शंभर वॉट

"मॅडम, तीन दिवस इथं चिटपाखरू फिरकलेलं नाही," वॉचमनकाका छातीठोकपणे म्हणाले. "शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरच्या खोलीला मीच कुलूप घातलं."

सुट्टीत ऑफिसातली यंत्रं किती उष्णता सोडतात ते मोजायला केतकीने त्या खोलीत मीटर लावून ठेवले होते. यंत्रं जेवढी वीज पितात तेवढीच उष्णता ओकतात, हा तिच्या कामातला साधा हिशेब. पण शुक्रवार रात्रीच्या नोंदीत वीज होती नऊशे वॉट आणि उष्णता हजार. शनिवारीही तेच, रविवारीही.

वरचे शंभर आले कुठून? मग तिला आठवलं, इमारतीतल्या उष्णतेचा अंदाज बांधताना प्रत्येक खुर्चीमागे ती डोळे झाकून तेवढेच धरायची. बसलेला माणूस, शंभर वॉट.

दाराशी चपला होत्या. आत धूळ नको म्हणून सगळेच बाहेर काढत.

"या कुणाच्या?"

"शुक्रवारी बॅटऱ्या तपासायला आलेल्या माणसाच्या. विसरून गेला वाटतं."

"अनवाणी? कुलूप काढा, काका!"

काका जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघू लागले. केतकीने आज पहाटेची नोंद उघडली. हजाराचा आकडा उतरत उतरत बरोबर नऊशेवर येऊन थांबला होता.