आत्याचं आजारपण

मौजेखातर विमान उडवायला आता वर्षातून एकदाच मिळे. निरंजनने यंदाची संधी होळीलाच संपवली होती. म्हणून आज उडण्याआधी त्याच्या बोलक्या विमानाने कारण विचारताच तो बेधडक म्हणाला, "धुळ्याची आत्या अत्यवस्थ आहे."

विमानाने लगेच आत्यालाच फोन लावून तब्येत विचारली. आत्या कण्हत म्हणाली, "लवकर पाठवा हो त्याला."

धुळ्याला धावपट्टीशेजारी विमानानेच बोलावलेल्या रुग्णवाहिकेत धडधाकट आत्या पांघरूण ओढून पडली होती. पांघरुणाखालून डबा सरकवत ती कुजबुजली, "हळू बोल, तुझं विमान ऐकेल. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आहे. किती वर्षांनी येतोयस रे! खोटं का होईना, माझ्यासाठी आलास."

डबा अजून गरम होता. निरंजनला तो हातात धरवेना.