त्या रांगेत मी नव्हतो

दिनांक २१ सप्टेंबर १९९५, सकाळी दहा वाजून दहा मिनिटे. गणपती दूध पितो ही बातमी पसरली, तेव्हा देवळाबाहेरच्या रांगेत एकशे बारा माणसे होती. हा आकडा आमचे शेजारी अच्युतराव गद्रे यांचा. त्या रांगेत माझी पत्नी होती, मी नव्हतो.

काल सोसायटीच्या बाकावर त्यांनी पुन्हा तो विषय काढला. "वहिनींची वाटी हिंदकळत होती, म्हणून मी त्यांना माझ्या पुढे घेतलं. निळं पातळ होतं ना, वहिनी?"

"जांभळं," म्हणत ती इतकी मनमोकळी हसली, की मला हेवा वाटला. तसे हसू माझ्या वाट्याला आल्याची नोंद माझ्याकडे नाही.

"आणि आपण कुठे होता, साहेब?"

"घरी. चमच्यातलं दूध पृष्ठताणामुळे कसं ओढलं जातं, ते हिला समजावून सांगत होतो."

"अहो, पण वहिनी तर रांगेत होत्या!"

बाकभर हशा पिकला. मी वर्तमानपत्राआडून बोलत होतो; ती केव्हा निघून गेली, ते मला कळलेच नव्हते.

घरी येऊन मी तिची पद्धतशीर चौकशी केली. विश्वचषक जिंकला तेव्हा ती माहेरी, दादांच्या ट्रान्झिस्टरपाशी होती. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा शेजारणीचा हात धरून जिन्यात. पोखरणला स्फोट झाला तेव्हा शिवणवर्गात.

"आणि इंदिराजी गेल्या तेव्हा?"

"तुमचा दुपारपाळीचा डबा भरत होते. झालं समाधान?"

डबा जमेस धरला, तर पाच घटनांपैकी माझी हजेरी : एक.