गोगलगायींचा प्रबंध

पेन ड्राइव्ह उपसून चष्मेवाल्याने लॅपटॉप पुन्हा सुरू केला. विंडोजच्या जागी टाकलेल्या लिनक्सचा कोरा, निळा पडदा उघडला. रविवारची अख्खी दुपार गेली होती. पण भाषा निवडली, ‘डिस्कवरचं सगळं पुसा’वर टिचकी मारली, पासवर्ड टाकला आणि कुणालाही न विचारता गड सर केला.

“अगं, ये, बघ! माझं खटारं कसं पळायला लागलंय!”

बायको हात पुसत आली. पडद्याकडे न बघता तिने लॅपटॉप उचलून उलटा केला. खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका होता.

“हा माझा आहे.”

दोघांनी एकाच दिवशी घेतलेले, एकाच रंगाचे लॅपटॉप. अदलाबदल होऊ नये म्हणून तिनेच तो ठिपका लावला होता.

“दिवसभर लोकांचे डोळे तपासतोस ना रे तू?”

चष्मेवाल्याने ठिपक्यावरून बोट फिरवलं. “तुझा प्रबंध…”

“ह्यातच होता.”

कॉलेजात शिकवता शिकवता ती कित्येक वर्षं गोगलगायींवर पीएचडी करत होती. “गोगलगायी पोचतील एखादवेळेस, ही नाही,” सासूबाई म्हणायच्या. तीही हसायची आणि सुट्टीच्या दिवशी दार लावून बसायची.

“काहीच उरलं नाही?” तिने विचारलं.

“डिस्कच पुसली गं मी.”

“परत आणता नाही येणार?”

“नाही.”

“नक्की?”

त्याने मान खाली घातली. आता ही घर डोक्यावर घेईल, म्हणून तो वाट बघत राहिला. ती आतल्या खोलीत गेली. थोड्या वेळाने त्याने डोकावलं, तर ती टेबलावरची वाचनालयाची गोगलगायींची पुस्तकं कापडी पिशवीत भरत होती. आणि चक्क गुणगुणत होती. धक्क्याने हिचं डोकं तर फिरलं नाही?

शेवटी त्याने बाहेर येऊन तिच्या मार्गदर्शक मॅडमना फोन लावला आणि आपला प्रताप सांगितला.

“एवढं काय घाबरता?” मॅडम म्हणाल्या. “गेल्या आठवड्यातच सगळी प्रकरणं पाठवलीत तिने मला. विसरली की काय? आत्ता मेल करते.”

चष्मेवाल्याच्या जिवात जीव आला. तो धावतच आत गेला.

“सापडलं! अगं, सगळं आहे मॅडमकडे! शब्दन् शब्द!”

गुणगुणणं थांबलं. तिने पिशवीतलं सगळ्यात वरचं पुस्तक काढून पुन्हा टेबलावर ठेवलं. मग दुसरं.

“बरं झालं,” ती म्हणाली.

चष्मेवाला दारातच उभा राहिला. माफी मागायला हवी होती. कशाची, तेच त्याला कळेना.