आत्याचा फोटो

स्टँडवर लावलेल्या नव्या फोनच्या पडद्यावर पिवळा चौकोन उमटला, तोही रिकाम्या वेताच्या खुर्चीवर, बसलेल्या माणसाचा चेहरा येतो त्या उंचीवर. निनादच्या कपाळाला आठ्या पडल्या. चेहरा ओळखला की चौकोन, आणि चेहरा हसला की आपोआप फोटो, असा कंपनीचा दावा होता.

त्याने फोन भिंतीकडे वळवला. चौकोन गेला. परत खुर्चीकडे वळवला, तर चौकोन हजर. फोटो मात्र निघेना.

गेली नऊ वर्षं परीक्षणासाठी आलेल्या प्रत्येक फोनचा पहिला फोटो तो बाल्कनीतल्या याच खुर्चीत बसलेल्या आत्याचा काढायचा. तिचे पुढचे दोन दात पडलेले, त्यामुळे हस म्हटलं की ती पदर तोंडावर धरायची. संक्रांतीच्या सुमाराला ती गेली. पद्धत मोडायला नको म्हणून आता तो नुसत्या खुर्चीचा फोटो काढत होता.

"फोन बिघडलाय. व्हिडिओत तसं सांगूनच टाकतो," तो बायकोला म्हणाला.

चहा घेऊन आलेली मृदुला पडद्याकडे बघतच राहिली. "बिघडला नसेल," ती हळूच म्हणाली. "हसू झाकलेलं असेल, तर त्याला कसं दिसणार?"

निनादच्या अंगावर सरसरून काटा आला. मग घसा खाकरून, दर वेळी म्हणायचा तसं म्हणाला, "आत्या, पदर खाली घे बघू."

खटकन फोटो निघाला.