जेवणानंतरची गोळी

डॉक्टर प्रमोदिनीबाईंनी छातीचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही. समोरच्या बाकावर जयवंता बसली होती, शेजारी तिचा नवरा कवडू उभा होता. दोघं विणकर. उमरेडहून पहाटेच्या गाडीने नागपूरला आलेले. दवाखान्याचा जिना चढताना जयवंता तीनदा थांबली होती आणि अजून तिचा श्वास जागेवर आला नव्हता.

छातीतली गाठ गेली होती. दसऱ्याला संपलेला कोबाल्टच्या किरणांचा शेक तिला चांगला लागू पडला होता. पण शेकाच्या वाटेत आलेलं डावं फुप्फुस फोटोत पांढरं पडलं होतं, अगदी पट्टीने आखून घेतल्यासारखं. ते तसं होऊ नये म्हणूनच बाईंनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. आता होळी तोंडावर आली होती.

"गोळ्या घेतल्या ना?"

"घेतल्या नं बाई," जयवंता म्हणाली. "तुमी सांगतल्या तशाच."

तिने कापडी पिशवीतून कागदी पुडा काढून टेबलावर ठेवला. "उरल्या त्या परत आनल्या. कोनाच्या कामी पडतीन."

पुडा जवळजवळ अर्धा भरलेला होता. प्रमोदिनीबाईंना राग आला. राग आला की त्यांना थोडं बरंच वाटे, कारण चूक कोणाची ते लगेच ठरून जाई.

"या तुमच्या फुप्फुसासाठी होत्या, जयवंताबाई. शेकाने आत सूज येते, ती आवरायला. दिवसातून तीनदा घ्या म्हणून सांगितलं होतं. एव्हाना यातली एकही उरायला नको होती."

"तीनदा, जेवल्यावर," कवडू मध्येच म्हणाला. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तसं त्याने पुढचं म्हटलं, "जेवल्याबिगर एकही गोळी पोटात गेली नाही पाहिजे. तुमचाच शब्द हाये, बाई. मी रोज आठवन देत होतो तिले. एक डाव नेम मोडू देला नाही."

शब्द त्यांचाच होता. गोळ्या दिल्या त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईने ह्याच गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या होत्या आणि तिला रक्ताची उलटी झाली होती. म्हणून प्रमोदिनीबाईंनी जयवंताला बोट नाचवून दरडावलं होतं. बाहेर पन्नास माणसं ताटकळत होती, तेव्हा लगेच पुढच्या पेशंटला हाकही मारली होती.

"मग तुम्ही जेवत नव्हता का? एवढे उपास कोणत्या देवाचे धरले होते?"

जयवंताने नवऱ्याकडे पाहिलं. कवडू आपल्या चपलांकडे पाहू लागला.

"देवाचे नाही, बाई," तो म्हणाला. "सोसायटीतून सूत येऊन नाही राहिलं. दसऱ्यापासून माग बंद हाये. चूल एकच डाव पेटते, दुपारी. मंग गोळी बी एकच."

प्रमोदिनीबाईंचा राग उतरला आणि त्याच्या जागी जे आलं ते त्यांना सोसवेना. वीस वर्षं त्यांनी याच दवाखान्यात काढली होती. समोर बसणाऱ्या माणसांच्या घरी काय शिजतं आणि काय शिजत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी एक प्रश्न विचारला असता तरी पुरलं असतं. तो त्यांनी विचारला नव्हता.

"आता घेतो नं बाई, तीनदा," जयवंता म्हणाली. "मंग दम नाही भरनार नं? सूत आलं की कांड्या भराले बसा लागते मले. ह्यायच्या एकट्याच्यानं माग चालत नाही."

खोटं सांगणं सोपं होतं. बाईंनी ते सांगितलं नाही.

"नाही, जयवंताबाई. तेवढं फुप्फुस आता आक्रसलं. गोळ्यांनी ते परत यायचं नाही. दम लागत राहील."

जयवंताने मान हलवली. कवडूने मात्र टेबलावरचा पुडा उचलून हातात धरला.

"उपाशीपोटी देल्या असत्या तं?"

"अगदी उपाशीपोटी नाही. पण पोटात काहीतरी असलं की झालं असतं. मूठभर फुटाणे, वर पाणी. तेवढ्यावरही चाललं असतं. मी सांगायला हवं होतं."

जयवंताने श्वास घेतला. तो पुरला नाही, म्हणून आणखी एक घेतला.

"फुटाने तं रोज राती खात होतो, बाई," ती म्हणाली. "त्याले जेवन कोन म्हनते?"