काचेवरची वाफ

“थांबा!” सून ओरडली.

मूस वर उचललेली होती. दांड्याचं एक टोक सासऱ्यांच्या हातात, दुसरं नवऱ्याच्या. मुशीत वितळलेलं कांसं, खाली वाळूत पुरलेला साचा, आणि मूस नि साचा यांच्यात जेमतेम हातभर अंतर. अशा वेळी शेडमध्ये कोणी खोकतसुद्धा नाही. आणि ही थांबा म्हणते! बरं, ही कोण? दीड वर्षापूर्वी मेण कसं मळायचं तेही ठाऊक नसलेली शिकाऊ.

सासरे थांबले.

नवऱ्याचा विश्वासच बसेना. बाबांना थांबवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. डॉक्टरांनी सिगारेट सोडा म्हटलं, तर त्यांनी डॉक्टर सोडला होता. “बाबा, ओतू या की! थंड होतंय!” तो म्हणाला. सासऱ्यांनी मान हलवली आणि मूस बाजूच्या लोखंडी पन्हळींकडे वळवली. घोडीच्या मूर्तीसाठी वितळवलेल्या कांशाच्या नुसत्या लगडी झाल्या.

“काय दिसलं?” त्यांनी सुनेला विचारलं.

“साच्याच्या तोंडावर काच धरली होती. धुरकटल्यासारखी वाटली.”

“वाटली?” नवरा म्हणाला. “नुसतं वाटलं म्हणून?”

काच धरायला तिला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. मेणाच्या मूर्तीवर साचा लिंपायचा आणि तो दोन दिवस भट्टीत भाजायचा. मेण वितळून वाहून जातं, आत मूर्तीएवढी पोकळी राहते, तिच्यात धातू ओतायचा. पण आत चमचाभर ओल उरली, तरी तिची वाफ होऊन उकळतं कांसं उलटं अंगावर उडतं. म्हणून ओतण्याआधी काच. धुरकटली तर ओल आहे. मोठे दीर त्यातच गेले होते, ती या घरात येण्याच्या आधी. साचा ओला राहिला, कुणाच्याच लक्षात आलं नाही, एवढंच तिला सांगितलेलं. तेव्हापासून सासूबाईंनी शेडमध्ये पाऊल टाकलं नव्हतं.

दुपारपर्यंत साचा निवला. निवलेला साचा पुन्हा भाजायला घातला की तडकतो, म्हणजे तो गेल्यातच जमा. सासऱ्यांनी हातोडा घेतला आणि स्वतःच तो फोडला. एकेक तुकडा हातात घेऊन चुरून बघितला. कोरडा ठणठणीत. एका तुकड्याच्या आतल्या अंगाला पाणी पिणाऱ्या घोडीच्या मानेचा बाक जसाच्या तसा उमटला होता. ती मान त्यांनी मेणात अकरा वेळा मोडून बाराव्यांदा केली होती. चार महिने गेले होते तिच्यापायी. येत्या सोमवारी ती जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात बसायची होती. मेण वितळून गेलेलं, साचा फुटलेला. घोडी आता कुठेच नव्हती.

“तुझ्याच तोंडाची वाफ असणार काचेवर,” नवरा म्हणाला.

तिलाही आता तसंच वाटत होतं. ती फार वाकली होती आणि भीतीने तिला धाप लागली होती. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

सगळे जेवायला बसले. मग नवऱ्याला राहवेना.

“उद्यापासून ही शेडमध्ये येणार नाही. तोंड पोळलं आमचं, आणि ताक फुंकून पितेय ही! अशाने एक मूर्ती बाहेर पडायची नाही.”

पुढच्या महिन्यात सुनेची स्वतःची पहिली मूर्ती ओतायचं ठरलं होतं. झोपलेलं मांजर. मेणाचं मांजर तयार होऊन शेडमधल्या फळीवर बसलं होतं. मातीची खेळणी तिने लहानपणापासून केली आणि ती सगळी फुटली. एक तरी गोष्ट न फुटणारी करायची, एवढ्यासाठी ती या कामात शिरली होती. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. सासऱ्यांनी पान स्वच्छ केलं, हात धुतले आणि ते शेडकडे गेले.

थोड्या वेळाने सून मागोमाग गेली. सासरे शेगडीवर मेण तापवत बसले होते.

“बाबा, हातमोजे ठेवून जाते. माझं चुकलं.”

“चुकलंच. काच धरताना तोंड बाजूला घ्यायचं असतं. घाल ते हातमोजे, मेण गरम आहे.”

ती तशीच उभी राहिली. “घोडी पुन्हा करायची?”

“मग काय, पळून गेली म्हणून दवंडी पिटायची? दवाखान्यात मी फोन केलाय. जनावरं काही सोमवारसाठी अडून बसलेली नाहीत.”

तिला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. तिने हातमोजे चढवले, त्यांच्या समोर बसली आणि मेण मळायला घेतलं. पण मनातला प्रश्न काही जाईना.

“बाबा, साचा कोरडा आहे हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“ठाऊक होतं म्हणजे? मीच भाजलेला. चाळीस वर्षं हेच करतोय. माझी खात्री होती.”

“मग थांबलात का?”

सासऱ्यांनी हातातला मेणाचा गोळा खाली ठेवला.

“त्या दिवशी थोरलाही म्हणाला होता, बाबा, थांबा,” ते म्हणाले. “माझी तेव्हाही खात्री होती.”